शालूताईची लॅम्परूम

नवीन माणूस भेटला की आपण त्याला गाव विचारतो, आडनाव विचारतो, आणि इंदूरकर असलो तर पोहे खाल्ले का तेही विचारतो. शालिनी मेश्रामनं मला पहिल्या दिवशी विचारलं, "तुमच्या घरात रोज हातात घेतली जाणारी सगळ्यात जुनी वस्तू कुठली?"

पलासियाच्या आमच्या विमा कचेरीत मी नुकतीच रुजू झाले होते आणि मला तिच्या शेजारचं टेबल मिळालं होतं. माझ्या सासरचे खापरपणजोबा दरबारी फौजेत होते. त्यांची तलवार अजून आमच्या दिवाणखान्यात टांगलेली आहे. मी मोठ्या ऐटीत तिचं वर्णन केलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिला रोज कोण हात लावतं?" रोज कुणीच नाही, दसऱ्याला पूजा करतो, असं मी म्हणाले. "मग ती नको. दुसरी सांगा." बराच वेळ विचार करून मी सांडशीचं नाव घेतलं. माझ्या आजेसासूबाईंची पितळी सांडशी आमच्याकडे अजून दुधाचं पातेलं उतरवते. शालूताईचा चेहरा उजळला. पुढे कित्येक दिवस ती घरच्या वडीलधाऱ्या माणसाची चौकशी करावी तशी त्या सांडशीची खुशाली विचारत होती.

शालूताई बुटकी, अंगानं भरलेली, घट्ट अंबाडा घालणारी बाई. सुती साडीवर कॅनव्हासचे बूट घालायची. आवाज असा, की तिचा फोन आला म्हणजे सगळ्या शाखेला सूचना मिळाली असं समजावं. त्या आवाजाचं कारण तिनंच सांगितलं होतं. तिचं बालपण कोळसा चाळायच्या यंत्राशेजारी गेलं. तिथे हळू बोललेलं कुणाला ऐकूच यायचं नाही, त्यामुळे प्रेमाच्या गोष्टीसुद्धा लोक ओरडून बोलायचे आणि सगळ्या गल्लीला कळायच्या. विनोद सांगताना तिला आधी हसू यायचं. मग आम्ही तिच्या हसण्याला हसायचो, आणि मूळ विनोद बऱ्याचदा राहूनच जायचा.

तिची आई महूची, फौजी घरातली. वडील नागपूरकडून सातपुड्यात कोळशाच्या खाणीवर कामाला आलेले. त्या खाणीच्या गावाचं नाव जामढाना. खाण होती म्हणून गाव होतं. कामगारांचे क्वार्टर, शाळा, दवाखाना, बाजार, हॉकीचं मैदान, सगळं खाणीच्या जिवावर. कोळसा संपला, खाण बंद झाली आणि माणसं पोटामागे पांगली. कुणी नागपूरला गेलं, कुणी भोपाळला, बरेच इंदूरला आले. शालूताई शिकली, विमा कचेरीत लागली आणि जुन्या इंदूरमध्ये दोन खोल्यांच्या घरात एकटी राहू लागली. लग्नाबद्दल कुणी विचारलंच तर इंदुरी ढंगात म्हणायची, "क्या है भिया, वरात वेळेवर आली होती, मीच लेट झाले." आणि पुन्हा आधी हसायची.

खाणीतून तिनं एक सवय बरोबर आणली होती. पाळी सुटली की तिची आई दारात उभी राहायची आणि गल्लीत परत येणारे बाप मोजायची. आपला नवरा आला तरी ती आत जायची नाही. शेवटचा माणूस दिसला की मगच भात चुलीवर चढायचा. शालूताईत ते मुरलं होतं. एकदा आम्ही कचेरीतली सगळी मंडळी संध्याकाळी राजवाड्यावरून पायी सराफ्यातल्या खाऊगल्लीत गेलो. कचोऱ्या हातात आल्या आणि तिच्या लक्षात आलं की नवा शिपाई पंकज दिसत नाही. तिनं कुणालाच खाऊ दिलं नाही. सगळे हातात गरम कचोरी घेऊन मिरवणुकीतल्या दिव्यांसारखे उभे. आमचे शाखा व्यवस्थापकही. पंकज जिलेबीच्या कढईसमोर तोंड उघडं टाकून उभा सापडला. तो आल्यावर ती म्हणाली, "चला, आता खा," आणि कचोरी थंड असल्याची तक्रार करायला कुणाची छाती झाली नाही.

ती निवृत्त व्हायची वेळ आली तेव्हा कचेरीनं रिवाजाप्रमाणे भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं. तिनं सांगितलं की घड्याळ नको, त्यापेक्षा गाडी करा आणि सगळे माझ्याबरोबर जामढान्याला चला. नाही म्हणणं शक्य नव्हतं. आम्ही पहाटे निघालो. हरदा, बैतूल मागे टाकून सागाच्या जंगलातून वळणं घेत उतरत्या उन्हात पोचलो. कुणाला वाटलं असेल की काही प्रेक्षणीय आहे, तर त्याची निराशा व्हावी असंच ते गाव होतं. अर्ध्या क्वार्टरांना दारं नव्हती. खाणीच्या तोंडावर काँक्रीटची मोठी लादी टाकून ते बंद केलेलं, आणि त्या लादीवर कुणीतरी मिरच्या वाळत घातलेल्या.

शालूताई मात्र गल्लीतून अशी चालली, की जणू सगळी दारं उघडी आहेत आणि आतून माणसं हाका मारताहेत. हे पांडेंचं घर, इथे दर मंगळवारी लापशी. हे डिसूझांचं, त्यांच्या कोंबड्या आमच्या अंगणात अंडी घालायच्या आणि आई ती परत करायची. इथे कुस्ती, इथे भजन, इथे बुद्धवंदना, या ओट्यावर तिचे वडील बसून रेडिओवरच्या क्रिकेटवर वाद घालायचे. आमच्यातले काहीजण गाडीतच बसून राहणार होते, तेही खाली उतरून मागे चालू लागले.

गल्लीच्या टोकाला एक लांबट दगडी इमारत होती. छप्पर अर्धं गेलेलं. ती लॅम्परूम. खाणीत उतरण्याआधी प्रत्येक कामगार इथून आपला दिवा घ्यायचा आणि वर आल्यावर इथेच परत द्यायचा. आत भिंतभर लोखंडी फळ्या, दिवे ठेवायची घरं, आणि जमिनीवर शेळ्या. शालूताई दारात थांबली आणि मी तिला ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच गप्प झाली. मग तिनं एकेका शेळीला अदबीनं बाहेर काढलं आणि मला म्हणाली, "वंदू, ही जागा रिकामी नाही ठेवायची."

परतीच्या वाटेवर गाडीत ती एवढंच सांगत होती की जामढान्याचं म्यूजियम होणार, लॅम्परूममध्ये. आम्हाला वाटलं, निवृत्तीच्या दिवसाचा उमाळा आहे, ओसरेल.

तो ओसरला नाही. पुढचं वर्षभर रविवारी सकाळी माझ्या दाराशी तिच्या स्कूटरचा भोंगा वाजायचा आणि मी मागे बसायचे. इंदूरभर पांगलेली जामढान्याची घरं ती शोधून काढायची. आत गेल्यावर चहा व्हायचा, कोण कुठे आहे ते व्हायचं, मग तिचा प्रश्न. लोक उत्साहानं कपाटातून मानपत्रं, ढाली, मंत्र्यांबरोबरचे फोटो काढायचे. ती कौतुकानं बघायची आणि परत द्यायची. तिला हवा असायचा जेवणाचा डबा, खाणीत घालायची टोपी, मुलाचं नाव कोरलेला पेला. सुरुवातीला लोकांना अपमान वाटायचा. नंतर मात्र घरातली कुणीतरी बाई स्वयंपाकघरात जाऊन चेपलेला डबा घेऊन यायची आणि सांगायला लागायची की याच्या तळाशी मी रोज एक गुळाचा खडा ठेवायचे, ह्यांना माहीत होतं पण कधी बोलले नाहीत. ते ऐकणारा नवरा तिथेच बसलेला असायचा, खाली बघत.

फूलवतीबाईची टोपली मिळवायला मात्र आम्हाला कितीतरी खेपा घालाव्या लागल्या. फूलवतीबाईनं जामढान्यात उमेदीची वर्षं डोक्यावरून कोळसा वाहून टबमध्ये, म्हणजे कोळशाच्या छोट्या लोखंडी डब्यात, भरला होता. आता ती मुलाकडे शालूताईच्याच मोहल्ल्यात राहायची. बांबूची, तळाला पत्रा ठोकलेली ती टोपली ती लसूण ठेवायला वापरत होती. शालूताईनं मागितल्यावर तिनं सरळ विचारलं, दिली तर लसूण कुठे ठेवू? शालूताई बाजारातून नवी सुंदर टोपली घेऊन गेली. फूलवतीबाईनं ती डोक्यावर ठेवून बघितली, उतरवली आणि परत केली.

"इसको मेरा सिर नहीं पहचानता," ती म्हणाली.

शालूताई ते वाक्य घेऊन कितीतरी दिवस फिरत होती. भेटेल त्याला सांगायची. शेवटी दोघींनी करार केला, की लसूण संपला की टोपली म्यूजियमला जाईल आणि नवा लसूण आला की घरी येईल. तो करार अजून चालू आहे. तुम्ही लसणाच्या हंगामात जामढान्याला गेलात तर तिच्या जागी एक पाटी दिसेल, "टोकरी अभी घर गई है."

वस्तू जमल्या. शालूताईच्या बाहेरच्या खोलीत चालायला जागा उरली नाही. टोप्यांची उतरंड, खाण बंद होताना लोकांनी घरी नेलेल्या दिव्यांची रांग, हॉकीच्या काठ्या, लग्नाच्या बँडमधला एक क्लॅरिनेट, आणि खाटेखाली दवाखान्यातला बाळं तोलायचा काटा. त्यावर जामढान्यातली निम्मी माणसं जन्मल्यावर तोलली गेली होती. ते सगळं घेऊन जायचं ठरत होतं तेवढ्यात बातमी आली की ग्रामपंचायत लॅम्परूम पाडणार आहे आणि तिथे मंगल भवन बांधणार आहे.

शालूताईनं इंदूरच्या जामढानेवाल्यांना गोळा केलं आणि आम्ही पुन्हा गाडी केली. चिंचेखाली ग्रामसभा भरली. सगळे भांडायच्या तयारीनं गेलेले. म्हातारे एका बाजूला, गावातली तरुण मुलं दुसऱ्या बाजूला. सरपंच संतोष उइके हा तरुण, शांत माणूस मध्ये अवघडून बसला होता. आमच्यातल्या एका निवृत्त ओव्हरमननं, म्हणजे खाणीतल्या मुकादमांच्या वरच्या माणसानं, इतिहासावर बरंच लांब भाषण केलं. ते संपल्यावर मागून एक मुलगी उठली. तिचं नाव पूजा. ती आवाज न चढवता बोलली. गावात हॉल नाही, आमची लग्नं रस्त्यावर होतात, मध्येच पाऊस आला की पंगत उठते, नवरीला शेजाऱ्याच्या गोठ्यात उभं करावं लागतं. मग ती म्हणाली, "जो चले गए उनके लिए कमरा चाहिए आपको. जो यहाँ रह गए, उनके लिए?"

मी शालूताईकडे बघितलं. तिला राग आला असेल असं मला वाटलं होतं. ती त्या मुलीकडे अशी बघत होती, की जणू इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मुद्द्याचं बोललं होतं.

"तेरी शादी कब है?" तिनं विचारलं.

मुलगी गोंधळली. फाल्गुनात आहे म्हणाली.

"इसी लॅम्परूम में होगी."

तिनं हे कुणालाही विचारलं नव्हतं. आम्हाला नाही, सरपंचाला नाही, पूजाच्या बापालाही नाही. संतोष उइके हळूच म्हणाला की मॅडम, ती इमारत फाल्गुनापर्यंत उभी राहणं कठीण आहे. शालूताई म्हणाली, मग तोपर्यंत आपल्याला ती उभी करावी लागेल. म्यूजियम भिंतींवर राहील, मधली जागा लग्नांना. भिंती म्हाताऱ्यांच्या, फरशी पोरांची. आधी कुणीतरी हसलं, मग बरेच हसले, आणि सभा जणू ठराव झाल्यासारखी उठली.

त्या हिवाळ्यात ती जामढान्यातच राहिली, पूजाच्याच घरी. गावातल्या पोरांनी छप्पर घातलं, कारण त्यांना लग्न करायचं होतं. म्हाताऱ्यांनी भिंती घासल्या, कारण त्यांना आपले दिवे ठेवायचे होते. एकाच शिडीवर दोघेही चढत होते, त्यामुळे बोलणं भाग पडलं. कोळशात हात काळे केलेला आजा आणि मोबाइलच्या दुकानात बसणारा नातू फळ्यांना ग्रीस लावताना पहिल्यांदा नीट बोलले, असं पूजाच्या आईनं मला सांगितलं. शालूताई खाली उभी राहून दोघांनाही सूचना देत असायची. त्या आवाजाला अखेर त्याच्या मापाची जागा मिळाली होती.

लग्न दुपारचं होतं. आम्ही इंदूरहून आहेर घेऊन गेलो. लोखंडी फळ्यांमधून झेंडूच्या माळा सोडलेल्या, दिव्यांच्या प्रत्येक घरात एकेक दिवा घासून ठेवलेला, आणि बोहलं बरोबर त्या जागी, जिथे पूर्वी कामगार रांग लावायचे. वरात दुसऱ्या एका खाणीच्या गावची होती. नवऱ्या मुलाचे आजोबा फेटा बांधून आत आले आणि भिंतीवरच्या टोप्यांसमोर थांबले. मग त्यांनी एक टोपी उचलली आणि फेट्यावरच घातली. ते बघून त्यांचे भाऊ सरसावले, मग नवऱ्याचे मामा, मग अख्खी वरात. बँडवाल्यानं क्लॅरिनेट मागितला. दवाखान्याच्या काट्यावर कुणीतरी आपलं तान्हं ठेवून बघितलं. वर्षभर दारोदार फिरून जमवलेल्या वस्तू, आणि त्या आता वऱ्हाडाच्या हातात.

शालूताई गर्दीतून फिरत एकच वाक्य ओरडत होती, "हाथ लगाओ, लेकिन वापस रखो." तेच पुढे म्यूजियमचं ब्रीदवाक्य झालं. दाराशी रंगवलेलं आहे.

संध्याकाळी वरात गेल्यावर आम्ही मोजदाद केली. सगळं जागच्या जागी होतं. उलट एक वस्तू जास्त निघाली. टोप्यांच्या फळीवर, अगदी मागे, एक जुना स्टीलचा डबा कुणीतरी ठेवून गेलं होतं. झाकणावर नाव कोरलेलं, पण त्या नावाचा माणूस जामढान्यात कधी नव्हता. वरातीतलं कुणीतरी तो घरून बरोबर घेऊन आलं असणार, कदाचित द्यावा की न द्यावा असं मनात धरून. शालूताई तो डबा मांडीवर घेऊन बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग नेहमीप्रमाणे आधी हसली आणि नंतर म्हणाली, "बघ वंदू, आपल्याला आहेर आला."

लग्नामुळे म्यूजियमचं नाव झालं. इंदूरच्या एका वर्तमानपत्राचा तरुण बातमीदार शालूताईच्या घरी आला तेव्हा मी तिथेच होते. भला मुलगा होता, पण त्यानं खाणीबद्दल जे वाचलं होतं ते सगळं काळोखाचं होतं. तो पुन्हा पुन्हा अपघातांकडे वळत होता. शेवटी त्यानं हळव्या आवाजात विचारलं, तुमचे वडील खाणीत कसे गेले?

"माझे बाबा खाणीत नाही गेले हो," ती म्हणाली. "ते रिटायर झाले, आणि पानाच्या दुकानावर वाद घालत घालत म्हातारे झाले. ते लिहा ना. असंही होतं तिथे. आम्ही पुष्कळ हसलोय त्या गावात."

त्यानं ते छापलं. शालूताईला त्या बातमीचा फार अभिमान होता. जो येईल त्याला सांगायची की आपलं म्यूजियम रडायचं नाही. मलाही ते पटलं होतं.

नंतरच्या पावसाळ्यात आम्ही दोघी जामढान्याला होतो. सकाळी एक बाई आली. साठीच्या पुढची, पांढरी साडी, हातात छत्री. शेजारच्या गावाहून बसनं आलेली. नाव कमलाबाई. तिनं छत्री बाहेर टेकवून ठेवली आणि सगळं म्यूजियम सावकाश बघितलं. टोप्या बघितल्या, डबे बघितले, हॉकीच्या संघाच्या फोटोतला एकेक चेहरा बघितला. शालूताई तिच्याबरोबर फिरत गमती सांगत होती. कमलाबाई हसतही होती. सगळं बघून झाल्यावर ती दाराशी आली आणि म्हणाली, "सब अच्छा है, बहनजी. मेरा आदमी कहाँ है?"

तिचा नवरा खाणीत छत कोसळून गेला होता. लग्नाला फार वर्षं झालेली नव्हती.

शालूताईनं कमलाबाईला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि शेजारी बसली. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग तिनं विचारलं की त्यांना काय आवडायचं. खाणीबद्दल नाही, असंच, काय आवडायचं. हा प्रश्न कमलाबाईला इतक्या वर्षांत कुणी विचारला नसावा. मग ती सांगू लागली. ते बेंजो वाजवायचे, दोन गाणी येत होती, तीच ती वाजवायचे आणि लोक वन्समोर मागताहेत असं समजून पुन्हा वाजवायचे. बेंजो अजून घरी खाटेखाली आहे. हे सांगताना ती हसली, आणि ते हसू टोप्या बघतानाच्या हसण्यापेक्षा वेगळं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं तो बेंजो कापडात गुंडाळून आणला. शालूताईनं तो फळीवर ठेवला नाही. दारातून आत आल्याबरोबर हाताशी येईल असा स्टुलावर ठेवला.

परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली. मग म्हणाली, "मी हसणारीच घरं गोळा करत होते, वंदू. ज्यांचा माणूस वर आला नाही त्यांच्या दारात मी गेलेच नाही. मला भीती वाटली."

तिला माझं उत्तर नकोच होतं.

त्यानंतर ती त्या दारांत गेली. एकटी गेली, मला बरोबर नेलं नाही. प्रत्येक ठिकाणी तिनं तोच प्रश्न विचारला, काय आवडायचं त्यांना? त्यातून लॅम्परूमच्या उजव्या हाताचा कोपरा तयार झाला. हार घातलेले फोटो तिथे नाहीत. एका शौकीन माणसाचा फुलाफुलांचा बुशशर्ट आहे, पतंगाची फिरकी आहे, कबुतरांच्या पायातले घुंगरू आहेत, उन्हाळ्यात आइस्क्रीम करायचं लाकडी पिंप आहे. सगळ्या म्यूजियममध्ये तो कोपरा सर्वांत रंगीत आहे. गावातल्या लहान मुली लग्नात तिथेच घोटाळतात. बेंजोची मोडतोड होईल म्हणून कुणीतरी तो उचलून ठेवायला सुचवलं, तेव्हा कमलाबाईच नको म्हणाली. ती अधूनमधून येते, बाकावर बसते. कुणी पोरानं बेसूर खणखणाट केला की म्हणते, हे पण असंच वाजवायचे.

शालूताई गेली ती जामढान्यातच, गेल्या हिवाळ्याच्या शेवटी, झोपेत. मी तेव्हा मुलीकडे पुण्याला होते. वेळेवर पोचू शकले नाही. लोकांनी सांगितलं की अंत्ययात्रेला पूजाच्या कडेवरचं मूलसुद्धा होतं आणि फूलवतीबाई इंदूरहून मुलाच्या गाडीत बसून गेली होती. पण ते मी पाहिलेलं नाही. मी तिला शेवटचं पाहिलं ते त्याच्या महिनाभर आधी, जुन्या इंदूरच्या रस्त्यावर, भर सकाळी.

झालं होतं असं की जामढान्याच्या न्हाव्याचा मुलगा जुन्या इंदूरमध्ये सलून चालवत होता. त्यानं दुकान नवं करायला काढलं आणि बापाची लोखंडी खुर्ची बाहेर आली. गोल फिरणारी, मान टेकवायला गादी, पाय ठेवायला नक्षीची पट्टी. त्या खुर्चीवर सगळ्या जामढान्याच्या दाढ्या झाल्या होत्या आणि सगळ्या लग्नांच्या सोयरिकी ठरल्या होत्या. भंगारवाला दारात उभा असताना शालूताई पोचली. खुर्ची मिळाली, पण ती न्यायची कशी? मग तिला आठवलं की जामढान्याकडचा एक पिकअपवाला मंडीत संत्री उतरवून रिकामा परत जाणार आहे. तिनं त्याला फोन लावला. तो फोन, अर्थातच, सगळ्या गल्लीनं ऐकला.

मी पोचले तेव्हा चार माणसं ती खुर्ची गाडीत चढवत होती. डॉक्टरांनी तिला प्रवास कमी करा म्हणून सांगितलं होतं, त्याची मी आठवण करून दिली. तिनं मला गप्प बसायची खूण केली. खुर्ची चढली, दोर बांधला, पण गाडी जरा हलली की खुर्ची गर्रकन फिरायची आणि दोर सुटायचा. दोनदा बांधला, दोनदा सुटला. तिसऱ्यांदा शालूताईनं पदर खोचला, एका पोराच्या खांद्यावर हात टेकून वर चढली आणि खुर्चीत जाऊन बसली. म्हणाली, "वजन पाहिजे भिया, वजन. बायपासपर्यंत मी बसते, मग पुढे बसेन." ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला आणि गाडी सुरू केली.

गल्ली अरुंद, गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली. दोन्ही बाजूंचे दुकानदार बाहेर आले. कुणीतरी विचारलं, अम्माजी, कटिंग कराओगी? तिनं मान मागे गादीवर टेकवली, डोळे मिटले आणि हनुवटी वर केली, दाढीला बसलेला माणूस करतो तशी. सगळी गल्ली हसली. मी चालत चालत तिच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे गाडी वळली, आणि गाडी वळली तशी खुर्चीही वळली. ती आधी माझ्याकडे तोंड करून होती, मग दुकानांकडे झाली, मग रस्त्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिला ती फेरी इतकी आवडली की पुढच्या खड्ड्याशी तिनं पायानं रेटा देऊन स्वतःच आणखी एक गिरकी घेतली. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरलेले, अंबाडा सुटलेला, आणि तोंड उघडं. ती मला काहीतरी सांगत होती, पण सांगण्याआधीच हसू लागली होती, आणि मग गाडी मोठ्या रस्त्याला लागली.